देवमाशाच्या मापाचा दोर

मी एक दोर आहे. काथ्याचा, अंगठ्याइतका जाड, रंगानं जुन्या गुळासारखा. घाटकोपरच्या एका शाळेत, प्रयोगशाळेबाहेरच्या खुंटीवर माझं वेटोळं टांगलेलं असतं. येताजाता मुलं मला हात लावतात आणि तळवा खाजवत वर्गात पळतात. काथ्या टोचतोच, त्याला माझा इलाज नाही.

माझ्या अंगावर जागोजागी चिंध्या बांधलेल्या आहेत. नवीन माणसाला वाटतं, कोणी नवस बोललंय की काय! पण त्या चिंध्या म्हणजे प्राणी आहेत. काही आज जिवंत आहेत, काही लाखो-कोट्यवधी वर्षांपूर्वी संपलेत. ते माझ्या अंगावर कसे आले, ते सांगायचं तर आधी थोडं माझं सांगावं लागेल.

वेंगुर्ल्याकडच्या एका खाडीत नारळाची सोडणं चिखलात कुजत घातली होती. त्यांतून मी निघालो. बायांनी ती सोडणं दांडक्यानं बडवली, काथ्या मोकळा केला, उन्हात वाळवला, आणि घरातल्या सुनांच्या कागाळ्या करत करत वळला. पेडाला पेड देऊन मी तिपेडी झालो. त्या बायांचे तळवे इतके खरखरीत होते, की त्यांचे हात कुठे संपतात आणि मी कुठे सुरू होतो, हे मलाच कळायचं नाही.

तिथून मी घाटकोपरला आलो. एका मंडळानं मला दहीहंडीसाठी विकत घेतलं. रस्त्याच्या या बाजूच्या गच्चीपासून त्या बाजूच्या गच्चीपर्यंत मला ताणून बांधायचे आणि माझ्या पोटाशी हंडी टांगायचे. बांधायचं काम लवू परबांचं. पूर्वी ते गिरणीत होते. गिरणी गेली, पण हातातली गाठ गेली नाही. त्यांनी बांधलेली हंडी कधी सुटली नाही.

मग एका वर्षी क्रेन आली. तिला दोराची गरज नव्हती. मंडळाच्या पोरांनी मला कचऱ्याच्या ढिगावर टाकलं, तेव्हा लवूंनी मला उचलून खांद्यावर घेतलं आणि घरी आणलं.

"आता ह्या आणि खंय ठेवतलात? माझ्या डोक्यार?" त्यांच्या बायकोनं, विमलानं, दारातच विचारलं.

"र्‍हवांदे गो," लवू म्हणाले, "खाऊक मागता काय तो?"

अशा रीतीनं मी चौथ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत, स्वयंपाकघराच्या माळ्यावर जाऊन पडलो. एका बाजूला गणपतीच्या मखराचा खोका, दुसऱ्या बाजूला तांब्याचा जुना हंडा. माळ्यावरून खालचं दिसत फार नाही, पण ऐकू सगळं येतं. आणि घरातल्या खऱ्या गोष्टी बोलल्या जातात त्या स्वयंपाकघरातच.

घरात पाच माणसं. लवू आणि विमला, त्यांचा मुलगा हर्षद, त्याची बायको अक्षता, आणि नात तेजल. हर्षद साकीनाक्याला छपाईच्या गाळ्यात कामाला. अक्षता दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते. तेजल तेव्हा सहावीत होती.

तेजलबद्दल मी पहिल्यांदा ऐकलं ते असं, की पोरगी भारी धांदरट आहे. ताटाशेजारचं पाण्याचं भांडं तिच्या हाताला लागून सांडायचं. दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा. संध्याकाळी दिवा लावायच्या आत तर ती हमखास कशाला तरी अडखळायची. "समोर बघून चाल गं!" अक्षता ओरडायची. तेजल म्हणायची, "समोरच बघतेय ना!"

ती खरं सांगत होती. तिला समोरचंच दिसत होतं. बाजूचं दिसत नव्हतं.

डॉक्टरांनी काय सांगितलं ते अक्षतानं एका दुपारी विमलाला सांगितलं. भाजी निवडता निवडता, मान वर न करता. तेजलच्या डोळ्यातला पडदा कडेकडेनं निकामी होत चाललाय. बांगडीतून बघावं तेवढंच तिला दिसतं. ती बांगडी वर्षावर्षानं लहान होत जाणार. हे थांबवायला त्यांच्याकडे आज औषध नाही. मधलं किती टिकेल, ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. आणि हो, डॉक्टर असंही म्हणाले, की हिला आत्तापासून पांढऱ्या काठीनं चालायला शिकवा, पुढे सोपं जाईल.

"मग?" विमलानं विचारलं.

"मग काय मग? अकरा वर्षांच्या पोरीच्या हातात काठी देऊ?" अक्षताचा आवाज एकदम चढला. "हे कोणाला बोलायचं नाही, आई. गावी तर अजिबात नाही. शाळेत मी नंबर वाढलाय म्हणून सांगितलंय."

त्या दिवसापासून अक्षता तेजलला एकटं चालू देईना. रस्त्यात, जिन्यात, बाजारात ती तिला धरूनच असायची. हात नाही धरायची. मनगट धरायची, घट्ट. शाळेच्या फाटकापर्यंत सोडायची आणि फाटकातून घ्यायची. लोक म्हणायचे, काय काळजी घेते पोरीची! अक्षता हसायची. घरी आल्यावर तेजल मनगट चोळत बसायची, आणि तेही आई आत गेल्यावर.

मला त्या आईचा कधी राग आला नाही. ताण कशाला म्हणतात ते मला ठाऊक आहे. दोन टोकांना बांधलेल्याला सैल होता येत नाही.

त्या वर्षी तेजलच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन ठरलं. वर्गात सगळ्यात मोठ्या प्राण्यांबद्दल शिकवलं होतं आणि तेजलनं तोच विषय घेतला. रविवारी सकाळी हर्षदनं तिला मोबाइलवर चित्र लावून दिलं.

"हे बघ, निळा देवमासा. जगातला सगळ्यात मोठा प्राणी."

तेजलनं मोबाइल डोळ्यांसमोर इकडून तिकडे सरकवला. "पप्पा, डोळा दिसला. आता पर दिसला. पण मासा कुठंय?"

"अगं, तोच तर मासा. खूप मोठा असतो."

"खूप म्हणजे किती?"

"एवढा!" हर्षदनं दोन्ही हात पसरले. मग त्याचं त्यालाच लक्षात आलं असावं, कारण आवाज खाली आला. "म्हणजे... आपल्या बिल्डिंगएवढा."

"उभी बिल्डिंग की आडवी?"

"आडवी. नाही, उभीपेक्षा पण जास्त. काय गं आई, किती मोठा असतो?"

"माका काय ठावक? मोठो असतलो," विमला म्हणाली.

"सगळे नुसतं मोठा मोठा करतात यार," तेजल वैतागून म्हणाली. "बाईपण तेच म्हणतात, पुस्तकात पण तेच आहे. आपली बिल्डिंग तरी मला अख्खी कुठे दिसते? एक खिडकी दिसते, मग दुसरी खिडकी दिसते. मला सगळे तुकडेच दिसतात. अख्खं काहीच दिसत नाही."

इतके महिने त्या घरात कोणी हे वाक्य मोठ्यानं बोललं नव्हतं. बोलली ती तेजलच, आणि तेही देवमासा केवढा ते कळेना म्हणून.

मग मला स्टूल सरकवल्याचा आवाज आला. लवूंचा हात माळ्यावर आला, चाचपडत माझ्यापर्यंत पोचला. "ये रे बाबा खाली," ते मला म्हणाले. "कामाक लाग."

दुसऱ्या दिवशी तेजलनं शाळेत मृणालिनीबाईंना सगळी मापं विचारली. त्या तिला विज्ञान शिकवायच्या. घरी येऊन तिनं ती आजोबांना तोंडपाठ सांगितली आणि चौथ्या मजल्याच्या लांबलचक कॉमन पॅसेजमध्ये कामाला सुरुवात झाली. विमलाच्या शिलाईच्या टेपनं लवू मला मोजत जायचे आणि तेजल प्राण्याचं नाव पुकारायची. सगळे प्राणी माझ्या एकाच टोकापासून सुरू व्हायचे. नाक तिथे, आणि शेपूट जिथे येईल तिथे चिंधी.

जिराफ उंच असतो, त्याला आडवा झोपवला. तो साडेपाच मीटरला संपला. मोठा आफ्रिकन हत्ती, सोंडेपासून शेपटीपर्यंत, सातेक मीटर.

"बस? हत्ती एवढाच?" तेजलला धक्का बसला. "अजून तर आपण शिंद्यांच्या दारापर्यंत पण नाही आलो."

टायरानोसॉरस बाराला आला. पुढे मेगॅलोडॉन नावाचा जुना शार्क. तिथे गाडी अडली.

"बाई म्हणाल्या, कोणी पंधरा मीटर सांगतं, कोणी वीसच्या वर. त्याचे दात मिळालेत आणि पाठीचे काही मणके. सगळा शार्क कोणाला मिळालाच नाही. मग बाकीचा अंदाज."

लवूंनी थोडा विचार केला. "मगे असां करूया. जे जिवंत आसत, तेंका घट्ट गाठ. जे गेले, तेंका सरकती. नवीन हाड गावला, की गाठ पुढे नायतर मागे."

तेजलला हे इतकं आवडलं, की तिनं आधी बांधलेला टायरानोसॉरसही सोडून पुन्हा सरकत्या गाठीनं बांधायला लावला.

चिंध्या विमलानं काढून दिल्या. रंग बघून नाही, हाताला कशा लागतात ते बघून. हत्तीला गोणपाट. जिराफाला खणाचा तुकडा. टायरानोसॉरसला हर्षदच्या फाटक्या जीन्सचा जाड शिवणीचा काठ. मेगॅलोडॉनला भांडी घासायच्या घासणीची पट्टी. आणि निळ्या देवमाशाला तिच्या लग्नातल्या शालूचा पदर, गुळगुळीत, मऊ. "देवमासो तो. तेका बरा काय तरी नको?" ती म्हणाली.

देवमासा तीस मीटरला आला. पॅसेज कधीच संपला होता. मला वळवून, जिन्यातून तिसऱ्या मजल्यावर सोडून मोजावं लागलं. देवमाशाच्या पुढे माझा हातभर तुकडा उरला.

"आणि तो दक्षिण अमेरिकेतला लांब मानेचा डायनासोर राहिलाय," तेजल म्हणाली. "तो पस्तीस-छत्तीस असेल म्हणतात. देवमाशापेक्षा लांब."

"मगे देवमासो मोठो कसो?"

"वजनात. बाई म्हणाल्या, डायनासोर सत्तर टनांच्या आसपास असेल. देवमासा दीडशे. म्हणजे पंचवीस हत्ती, आजोबा! आतापर्यंत माहीत असलेल्यांत सगळ्यात जड तोच. आणि तो आत्ता जिवंत आहे, समुद्रात."

"पण तुझ्या डायनासोराक दोर काय पुरणा नाय," लवू म्हणाले.

मला वाईट वाटलं. इतकी वर्षं मी कधी कोणाला अपुरा पडलो नव्हतो.

तेजलला शाळेतून घरी सोडून पुन्हा कामावर गेलेली अक्षता संध्याकाळी आली. पॅसेजभर पसरलेला मी बघून आधी तिला हसूच आलं. "हे काय? कपडे वाळत घालायला घेतलाय का दोर?"

"आमचो राणीचो बाग," लवू म्हणाले.

"आई, माझं प्रोजेक्ट! मैदानात हा दोर सरळ टाकायचा आणि मी अनवाणी ह्याच्यावरून चालत जाणार. पायाला कळतं मला, हत्ती कुठे संपला ते. आणि मी सगळ्यांना सांगणार, की मला अख्खं दिसत नाही म्हणून मी असं केलं."

अक्षताच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं असणार. मला तिचा आवाज तेवढा कळला. "सांगणार? कोणाला?"

"सगळ्यांना."

"काही गरज नाहीये. चार्ट कर. थर्माकोलचं काहीतरी कर. सगळी मुलं करतात तसं."

"पण मला चार्ट दिसत—"

"तेजल! बास!"

तेजल आत गेली. दार आपटलं. अक्षता सासऱ्यांकडे वळली. "तुम्हाला कळत नाहीये, बाबा. लोक आधी अरेरे म्हणतात. मग टाळायला लागतात. तिला खेळायला घेणार नाहीत, वाढदिवसाला बोलावणार नाहीत. मी रोज बसते ना माणसांसमोर, मला माहितीये माणसं कशी असतात."

लवूंनी मला गुंडाळायला घेतलं. मी पुन्हा माळ्यावर गेलो, अंगावर सगळी जनावरं घेऊन.

बोलली ती विमला. पोळ्या लाटता लाटता, हळूच. "अक्षता, काल आपला तेजू चेडू मोरयेत पडला. कोपर सोलपाटला."

"काय? मला कोणी का नाही सांगितलं?"

"'आयेक सांगू नको' म्हणाला. ह्या पयलेच खेपेक नाय." लाटणं थांबलं. "आपण लोकांपासून लपवतंव. आणि ता आपल्यापासून लपवता."

मग नळ सुटला आणि खूप वेळ वाहत राहिला. विमला पाणी वाया घालवू देणारी बाई नव्हे, पण त्या दिवशी तिनं तो बंद कर म्हणून सांगितलं नाही.

अक्षता हो म्हणाली नाही. नाहीही म्हणाली नाही. प्रदर्शनाच्या दिवशी हर्षदनं मला माळ्यावरून काढून खांद्यावर घेतलं, तेव्हा दारात ती पर्स घेऊन तयार उभी होती. दवाखान्यातून तिनं अर्धा दिवस सुटी घेतली होती.

शाळेच्या मैदानावर मला सरळ पसरलं. लवूंनी दोन्ही टोकांना खुंट्या ठोकल्या. आजूबाजूला टेबलांवर ज्वालामुखी होते, पवनचक्क्या होत्या, थर्माकोलच्या सूर्यमाला होत्या. मी आपला जमिनीवर धुळीत पडलेला. पण गर्दी माझ्याकडेच जास्त झाली. मुलांना जमिनीवरची वस्तू आवडते.

"टी-रेक्स एवढुसाच?" एक मुलगा नाराज होऊन म्हणाला. दुसऱ्याचा पाय लागून घासणीची पट्टी सरकली, तेव्हा तो ओरडला, "टीचर, शार्क पळाला!"

"पळू दे," मृणालिनीबाई हसून म्हणाल्या. "शास्त्रज्ञांच्या हातातूनही तो असाच पळतो."

मग तेजल माझ्या टोकापाशी आली. चपला काढल्या.

"मी तेजल परब, सहावी ब," ती म्हणाली. आवाज मोठा होता. "मला बाजूचं दिसत नाही. मधलं थोडंसं दिसतं. पुढे ते पण कमी होणार आहे. म्हणून मला मोठी वस्तू एकदम बघता येत नाही. माझ्या आजोबांनी हे प्राणी दोरावर बांधले. आता मी चालून दाखवते, कोण केवढा ते."

मी अक्षताला शोधत होतो. ती गर्दीत कुठे होती, मला कळत नव्हतं.

तेजलचं पहिलं पाऊल माझ्यावर पडलं. माझ्यावर पुष्कळांचे हात पडले होते, पण असा विश्वासानं टाकलेला पाय पहिलाच. तिनं खाली बघितलंच नाही. मान वर, नजर समोर. खणाशी ती थांबली. "जिराफ." गोणपाटाशी थांबली. "हत्ती. हा जमिनीवर आत्ता जिवंत असलेल्यांत सगळ्यात जड." मागून मुलांची रांग लागली, तीही अनवाणी. जीन्सचा काठ. घासणीची पट्टी, आपल्या जागेवरून पळालेली. तिनं पायानंच ती ओढून जागेवर आणली, आणि मुलं खदखदून हसली.

मग बराच वेळ काहीच नाही. नुसता मी. एकेक पाऊल पडत होतं आणि मागून कोणीतरी विचारलं, "अजून नाही आला?"

"अजून आपण त्याच्या पोटावरूनच चाललोय," तेजल म्हणाली.

शालूचा पदर पायाला लागला तेव्हा ती थांबली. खाली बसून तिनं तो दोन्ही हातांनी चाचपला. मग मागे वळली, माझ्या दुसऱ्या टोकाच्या दिशेनं तोंड करून उभी राहिली. तिथवर तिला काही दिसत नव्हतं, हे मला माहीत आहे. पण तिचं तोंड असं झालं होतं, जसं डोंगरावर चढून आलेल्या माणसाचं होतं. "बापरे," ती हळूच म्हणाली. "एवढा. एवढा असतो होय."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. लवू खुंटी उपटायला वाकले. सगळं छान झालं होतं, इथे संपलं असतं तरी चाललं असतं.

"थांबा आजोबा, डायनासोर राहिला," तेजल म्हणाली. "दोर संपलाय, पण तो संपला नाहीये. त्याच्या शेपटीपाशी कोणीतरी उभं राहा आणि मला हाक मारा. मी आवाजाकडे येते."

हर्षद पुढे झाला, पण त्याच्या आधी गर्दीतून अक्षता निघाली. मृणालिनीबाईंनी टेप धरून दाखवलेल्या जागेवर ती जाऊन उभी राहिली. तिनं हाक मारली.

"तेजू, इकडे."

तेजलनं माझ्यावरून पाय काढला. मला सांगता येत नाही ते कसं वाटलं. माझ्या पुढे नुसतं मैदान होतं. खडे, खळगे, कोणाची तरी पडलेली पाण्याची बाटली. ती बाटली सगळ्यांना दिसत होती. तेजलला ती दिसणार नव्हती.

पाय बाटलीवर पडला. तेजल तोंडावरच आपटली.

गर्दीतून एकच आवाज निघाला. अक्षता धावण्यासाठी झेपावली.

"आई, हलू नकोस!" तेजल जमिनीवरूनच ओरडली. "तू पुढे आलीस तर डायनासोर छोटा होईल!"

अक्षता जागच्या जागी थिजली. दोन्ही हात पुढे आलेले, एक पाय उचललेला. तो पाय तिनं मागे घेतला. तेवढं एक पाऊल मागे घेणं तिला किती जड गेलं असेल, याचा अंदाज मला आहे. रस्त्यावर हंडी तोलली आहे मी, वजन कळतं मला.

"हाक मार ना," तेजल उठून गुडघा झटकत म्हणाली.

"तेजू," अक्षता म्हणाली. "इकडे, बाळा. सरळ. मी इथेच आहे. हलत नाही."

तेजल आली. पाय घासत, हात पुढे करून, एकदा थोडी डावीकडे भरकटून, पुन्हा आवाजावर येऊन. तिची बोटं आईच्या ओढणीला लागली, आणि ती मागे वळून सगळ्यांना म्हणाली, "हा संपला डायनासोर."

नंतर नळावर गुडघा धुताना अक्षतानं मृणालिनीबाईंना सगळं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं. "मला शंका होती," त्या म्हणाल्या. "फळ्यावरची ओळ ती अर्धीच वाचायची. तुम्ही सांगाल म्हणून मी थांबले. थांबायला नको होतं." मग त्यांनी काठीचं प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेचा फोन अक्षताला दिला.

त्या दिवशी मी घरी गेलो नाही. बाईंनी मला शाळेसाठी मागून घेतलं. लवूंनी मला खुंटीवर टांगलं, दोनदा थोपटलं आणि म्हणाले, "बरा झाला रे. हंय लोक तरी आसत." जुलैमध्ये काथ्या सर्दावतो, म्हणून ते अजूनही अधूनमधून येतात, मला उन्हात पसरतात, जुनी चिंधी बदलतात.

पुढचं मला तेजलकडूनच कळलं. मधल्या सुटीत ती बाईंशी माझ्या खुंटीपाशी उभी राहून बोलते. काठी घरात आली, तेव्हा पहिला आठवडा वाट लागली होती म्हणे. विमलाच्या दोन बरण्या फुटल्या आणि लवूंच्या नडगीला रोज प्रसाद. आता ती जिना एकटी उतरते. कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध आणते. गणपतीला गावी गेले, तेव्हा दारातून आत शिरल्याबरोबर अक्षतानंच सगळ्यांना सांगून टाकलं. "तेजलला कमी दिसतं. ही तिची काठी. तिनं मागितल्याशिवाय कोणी तिचा हात धरू नका." एक म्हातारी आत्या अरेरे म्हणालीच. एका मैत्रिणीनं वाढदिवसाला बोलावलं नाही, तेही झालं. अक्षता म्हणाली होती तशी माणसं असतात. पण तशी नसलेलीही निघाली, ती जास्त निघाली.

तेजलची बांगडी लहान होत चालली आहे. ते माझ्यासारखा दोर काय थांबवणार?

पण एक गोष्ट तुम्हाला सांगायची आहे, जी तेजललाही माहीत नाही. पालकसभा झाली, की बाकीचे पालक निघून जातात. अक्षता मागे थांबते. शिपायाला विचारून मला खुंटीवरून काढते, रिकाम्या मैदानावर पसरते, चपला काढते आणि डोळे मिटून माझ्यावर पाय ठेवते.

मिटल्या डोळ्यांचं पाऊल वेगळं पडतं. आधी बोटं चाचपतात, मग भीतभीत टाच टेकते. पहिल्यांदा जिराफही संपला नव्हता, तोच तिनं डोळे उघडले. उघडून माझ्यावरच बसून राहिली बराच वेळ. दुसऱ्या वेळी हत्तीपर्यंत आली. मागच्या सभेला टायरानोसॉरस ओलांडला, आणि मग कुठेतरी मोटारसायकलचा आवाज झाला म्हणून दचकून थांबली.

माझे पेड आता उसवायला लागलेत. मधल्या भागात काथ्या सुटा होतोय, मुलांच्या पायांना तो जास्त टोचतो. परवा शाळेत कोणीतरी म्हणालं, हा टाकून द्या, ह्याच मापाचा नायलॉनचा आणू. आणा ना. नायलॉन मजबूत असतो, मला त्याच्याबद्दल राग नाही. शार्कची गाठ त्याच्यावरही तशीच सरकेल.

फक्त थोडं थांबा. त्या बाईला अजून शार्क ओलांडायचाय. त्याच्यापुढे देवमाशाचं लांबच लांब पोट आहे, जिथे पायाला काहीच लागत नाही आणि धीर सुटतो. तेवढं अंतर तिला माझ्यावरून जाऊ द्या. शालूचा पदर तिच्या पायाला लागला, की मग मला खुशाल फेका.